हिकडचं का तिकडचं

साथीच्या रोगापुढे सगळी माणसं समान असतात. हे वाक्य आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी पहिल्याच बैठकीत उच्चारलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. योजनेच्या मसुद्याची सुरुवात याच वाक्याने व्हावी असा आग्रह झाला. मसुदा मी लिहीत होतो, म्हणून मी ते लिहून घेतलं. अध्यक्ष खाली बसले, घरून थर्मासमधून आणलेलं उकळून गार केलेलं पाणी प्याले, आणि बैठक पुढे सुरू झाली.

ही हकिकत नव्वदच्या दशकाच्या मधल्या एका उन्हाळ्यातली. मी तेव्हा सांगलीत एका कॉलेजात मराठी शिकवत होतो. आरोग्यातलं मला काही कळत नव्हतं, पण संस्थेला शुद्धलेखन येणारा माणूस हवा होता. संस्था धर्मादाय होती. तिची एक शाखा साताऱ्याला आणि एक सांगलीला होती, आणि दोन्ही शाखांचं एकमेकींवर दोन जावांइतकं प्रेम होतं. माण आणि आटपाडी या दोन दुष्काळी तालुक्यांत त्या उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ आली. माण सातारा जिल्ह्यात, आटपाडी सांगलीत. तेव्हा कधी नव्हे ते दोन्ही शाखांनी मिळून काम करायचं ठरलं. 'गोरगरिबांसाठी न्याय्य आरोग्य योजना' असं तिचं नाव होतं. 'गोरगरीब' हा शब्द अपमानकारक आहे असं एका सभासदाने सुचवल्यावर तो काढून 'दुर्बल घटक' घातला. दुर्बल घटकांना विचारलं नव्हतं.

बैठका आलटून पालटून व्हायच्या, एक साताऱ्याला, एक सांगलीला. रोगाला काय म्हणायचं यावर एक अख्खी सकाळ गेली. 'कॉलरा' म्हटलं तर घबराट होईल. 'पटकी' म्हटलं तर जुनाट वाटेल. 'गॅस्ट्रो' म्हणजे इंग्रजी. शेवटी 'जलजन्य विकार' यावर एकमत झालं. ज्यांना तो झाला होता त्यांच्यापैकी कुणाला तो शब्द कळला असता असं वाटत नाही, पण व्याकरणदृष्ट्या तो निर्दोष होता आणि तेवढीच माझी जबाबदारी होती.

न्याय्य म्हणजे काय, हा प्रश्न एकदाच निघाला. मिरजेहून एक तरुण डॉक्टरीणबाई बैठकांना यायच्या. फार बोलत नसत. त्या दिवशी म्हणाल्या, ज्या गावात नळ आहे त्या गावालाही ब्लीचिंग पावडरची एक गोणी आणि जिथं माणसं ओढ्यात खड्डा करून पाणी भरतात तिथंही एकच, याला न्याय कसं म्हणायचं? जिथं पाणी सर्वांत वाईट तिथं आधी जावं, आणि जास्त घेऊन जावं.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "बाई, तुमचं खरं आहे. पण एकाला जास्त दिलं की दुसरा बोलतो. सारखं दिलं की कुणी बोलत नाही."

हे खरं होतं. आपल्याकडे न्यायाची व्याख्या एवढीच आहे की कुणी बोलू नये. प्रत्येक गावाला सारखं द्यायचं असा ठराव झाला. एक गोणी पावडर, एक खोकं जलसंजीवनीची पाकिटं. पाकिटावर लिहिलेलं होतं की ही पूड एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून द्यावी. स्वच्छ पाणी कुठून आणावं ते लिहिलेलं नव्हतं.

आणखी तीन गोष्टी ठरल्या, आणि पुढे जे झालं ते या तिन्हींमुळे झालं, म्हणून सांगतो. एक, कोणत्याही शाखेने दुसऱ्या शाखेच्या हद्दीत परस्पर काम करू नये. दोन, सलाईनच्या बाटल्या सातारा शाखेने घ्यायच्या आणि त्या लावायच्या सुया-नळ्या सांगली शाखेने. देणगीदार वेगवेगळे होते म्हणून असं झालं, पण अध्यक्षांना त्यात एकीचं प्रतीक दिसलं. ते म्हणाले, आता एका हाताशिवाय दुसरा हात चालणार नाही. तीन, कोणतंही पाऊल स्थानिक गावकऱ्यांना विश्वासात घेऊनच उचलावं. हे शेवटचं कलम सगळ्यांना अतिशय आवडलं. डॉक्टरीणबाईंनासुद्धा.

योजनेत दोन्ही तालुक्यांतली गावं होती. एक वस्ती नव्हती, कारण ती गाव नव्हती.

दोन्ही जिल्ह्यांच्या मधून एक ओढा जातो. नकाशावर तो ठसठशीत निळा आहे. प्रत्यक्षात तिथं वाळू असते. त्या ओढ्याच्या काठी विजापूरकडून आलेली दगड फोडणारी माणसं पालं ठोकून राहत होती. रस्त्याच्या कामाला खडी लागत होती. खाण होती सातारच्या काठाला, पालं होती सांगलीच्या काठाला, आणि प्यायचं पाणी होतं मधे वाळूत हातभर खणलेल्या झिऱ्यात. ओढा हीच हद्द असल्यामुळे झिरा नेमका हद्दीवर होता. त्यात पावडर कुणी टाकायची? सांगली शाखेचे कार्यवाह म्हणाले, खाण साताऱ्यात आहे, माणसं तिथं कामाला आहेत, आम्ही परस्पर हात घालणं बरं दिसणार नाही. सातारा शाखेचे कार्यवाह म्हणाले, छे छे, राहतात तुमच्याकडे, मान तुमचा. लग्नातल्या पंगतीत मोठी माणसं एकमेकांना आधी बसायचा आग्रह करतात तसा हा आग्रह चालला होता. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. मी दोन्हीकडची पत्रं वाचली आहेत. भाषा फार सुसंस्कृत होती.

वस्तीत माणसं आजारी पडल्याचं डॉक्टरीणबाईंना खडीच्या ट्रकवाल्याकडून कळलं. त्यांनी दोन्ही कार्यवाहांना फोन केले, मग प्रत्यक्ष जाऊन भेटल्या. शेवटी तोडगा निघाला की दोन्ही शाखांनी एकाच दिवशी, आपापल्या काठाने, एकत्र जावं. मग दोघांना सोयीचा दिवस सापडेना. साताऱ्याच्या कार्यवाहांच्या घरी पूजा होती, सांगलीच्यांचे व्याही यायचे होते. यात आठवडा गेला. रोगाच्या घरी पूजा नव्हती.

आम्ही सांगलीकडून सकाळी निघालो. जीपमध्ये कार्यवाह, डॉक्टरीणबाई, मी आणि ड्रायव्हर. विटा मागे पडलं, आटपाडी मागे पडलं, आणि रस्त्याच्या कडेची झाडं हळूहळू बुटकी होत बाभळी झाली. ओढ्याच्या अलीकडचं शेवटचं गाव लहान होतं, पण त्यात एक दुमजली नवं घर होतं, बाहेर संगमरवरी फरशी लावलेलं. सरपंचांचं. त्यांचे दोघे भाऊ सोन्याच्या गलाईच्या, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यात दूर कुठल्या तरी शहरात होते. त्या घराला टाकी होती आणि टाकीला टँकरचं पाणी होतं. योजनेप्रमाणे या गावाला पावडरची गोणी मिळालेली होती.

गाव ओलांडून ओढ्याच्या काठावर आलो आणि ड्रायव्हरने जीप थांबवली. खाली वाळूत, पालांकडे जाणाऱ्या वाटेच्या अगदी मधोमध एक लाकडी गाडा उभा होता. लहान, बैलगाडीच्या चौथ्या हिश्शाएवढा. त्यात शेंदूर लावलेली मूर्ती, हिरवी चोळी, बांगड्या, लिंबं, आणि पाय बांधलेली एक कोंबडी. कोंबडी जिवंत होती आणि आम्हां सर्वांकडे संशयाने बघत होती.

मरीआईचा गाडा मी ऐकून होतो, पाहिला नव्हता. गावात साथ आली की मरीआईला गाड्यात बसवायचं, नैवेद्य करायचा, आणि गाडा ढकलत शिवेपलीकडे नेऊन सोडायचा. ढकलणाऱ्यांनी मागे वळून बघायचं नाही. रोग गाड्याबरोबर गेला असं धरायचं. पुढच्या गावाने उठून तो आपल्या शिवेवरून त्याच्या पुढच्या गावात ढकलायचा. असा तो गावोगाव फिरत कुठं तरी नाहीसा होतो म्हणतात. कुठं, ते कुणी सांगत नाही.

इथं अडचण अशी झाली होती की सांगलीकडच्या गावाने आदल्या संध्याकाळी गाडा शिवेपलीकडे, म्हणजे ओढ्यात, घातला. पालांतल्या लोकांनी सकाळी बघितलं तर दारात मरीआई. त्यांना गाव नव्हतं, म्हणून शीवही नव्हती, म्हणून ढकलायला जागा नव्हती. त्यांनी गाडा पलीकडच्या काठाला लावला. तिकडच्या सातारच्या गावातले निम्मे पुरुष मुंबईला असतात, पण उरलेल्यांनी आणि बायकांनी काठ्या घेऊन येऊन तो परत वाळूत आणून सोडला. आमच्या दोन शाखांनी पत्रांतून जे केलं ते या दोन गावांनी हातांनी केलं होतं, आणि तेही एका दिवसात.

ड्रायव्हर म्हणाला, "सायेब, मी त्याच्या वरनं गाडी न्हेणार न्हाई. पोराबाळांचा धनी हाय मी."

कार्यवाहांनी त्याला अंधश्रद्धेविषयी समजावून सांगितलं. चांगलं बोलले. बोलून झाल्यावर ड्रायव्हर म्हणाला, मग तुम्हीच उतरून तेवढा बाजूला करा. कार्यवाह म्हणाले, गाडा त्यांच्या भावनेचा विषय आहे, आपण हात लावणं योग्य नाही. पलीकडच्या काठावर साताऱ्याची जीप येऊन उभी राहिली होती. तिच्याजवळही असंच काही बोलणं चाललं असावं, कारण तिकडूनही कुणी खाली उतरत नव्हतं.

डॉक्टरीणबाई सुया-नळ्यांची पेटी घेऊन चालत निघाल्या. मी त्यांच्यामागे गेलो, मुख्यतः जीपमध्ये ऊन लागत होतं म्हणून.

पालांतून एक बाई धावत वर आली. तिशीच्या आसपासची, हातात खडी फोडून पडलेले घट्टे. आम्हाला बघून ती थांबली आणि तिने पहिलं विचारलं, "तुमी हिकडचं का तिकडचं?"

आजवर आलेल्या प्रत्येकाने तिला हेच विचारलं असणार. टँकरवाल्याने, ग्रामसेवकाने, मुकादमाने. तो इकडच्या लोकांचा नमस्कार असावा असं समजून ती तो आम्हाला परत करत होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी डॉक्टर आहे.

"मग चला की वो, आक्का. मालकाला सकाळपासनं लय झालंय. आता बोलंना बी झालंय."

तिचा नवरा पालात गोधडीवर पडला होता. डोळे खोल गेलेले, हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहत होती. डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली आणि मला म्हणाल्या, पळत जा, पलीकडून बाटल्या आणा, मिळतील तेवढ्या. मी वाळूतून गेलो. गाड्याला वळसा घालून गेलो, हे सांगितलं पाहिजे. मी कशावर विश्वास ठेवत नाही, पण वळसा पडला. साताऱ्याच्या कार्यवाहांनी माझी विचारपूस केली, प्रवास कसा झाला म्हणाले, आणि बाटल्या दिल्या. खोक्यातल्या निम्म्याच दिल्या. उरलेल्या त्यांच्या हद्दीतल्या गावासाठी ठेवायच्या होत्या. ते बरोबरच होतं. सारखं वाटप.

बाटली लागली. बाईने नवऱ्याचा हात धरून ठेवला होता, सुई हलू नये म्हणून. दुसरी लागली. तासाभराने त्याने डोळे उघडले, बायकोला काही तरी कानडीत म्हणाला. ती हसली आणि आम्हाला म्हणाली, "चा मागतोय." मला वाटलं, झालं, हा वाचला.

डॉक्टरीणबाईंना तसं वाटत नव्हतं. अजून बाटल्या लागतील, आणि तेवढ्या इथं नाहीत, म्हणाल्या. इस्पितळात न्यायलाच हवा, आत्ता. जीपच्या मागच्या बाकावर आडवा घालू, बाटली तुम्ही वर धरा. पालांतल्या चौघांनी गोधडीसकट उचलला आणि काठावर आणला. ड्रायव्हरने तोंड फिरवून का होईना, दार उघडलं. बाई नवऱ्याच्या पायांशी बसली.

गावाच्या तोंडाशी वाटेवर बाभळीची फांदी आडवी घातली होती. मागे दहा-पंधरा माणसं उभी. मारामारीच्या तयारीने नव्हे. एखाद्या मयताला जमतात तशी, खाली बघत. त्यांच्यातला एक पागोटेवाला म्हातारा पुढे आला आणि अतिशय अदबीने म्हणाला, "बाई, तुमी जावा. सायेब बी जाऊ द्यात. त्यो न्हाई. काल संध्याकाळीच शिवंभाईर घातलंय, आज त्येच परत आत कसं घ्यायचं?"

डॉक्टरीणबाई जीपमधून उतरल्या. त्या म्हणाल्या, हा रोग पाण्यातून येतो आजोबा, माणूस वाटेवरून गेला म्हणून येत नाही. त्यांच्या झिऱ्यातल्या पाण्यात आहे तो.

"मग पानी तिकडंच हाय न्हवं?" म्हातारा म्हणाला. "माणूस बी तिकडंच असू द्या."

मागून कुणी तरी म्हणालं, "आवं, आमच्या बी आळीत दोन गेली की या आठवड्यात. आमी काय खुशीनं उभं हाय व्हय हितं?" हे खरं होतं. त्या दोघांच्या वाट्याची पावडरची गोणी गावात आलेली होती. ती ग्रामपंचायतीत कुलपात होती, कारण सारखी वाटायची कशी यावर गावाचं एकमत झालेलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई फांदी ओढायला पुढे झाल्या. तेव्हा आमच्या कार्यवाहांनी त्यांचा हात धरला. हळूच, वडीलधाऱ्या माणसासारखा. ते म्हणाले, "बाई, गावाला विश्वासात घेतल्याशिवाय काही करायचं नाही असं आपण ठरवलंय. तुम्हीच अनुमोदन दिलं होतं."

मग गावाला विश्वासात घेण्याचं काम सुरू झालं. सरपंच झोपले होते, त्यांना उठवलं. ते तोंड धुऊन आले. पारावर बसायला घोंगडी आली. चहा आला, टाकीच्या पाण्याचा होता, चांगला होता. कार्यवाहांनी योजनेची माहिती दिली. सरपंच म्हणाले, आम्ही पुढारलेल्या विचारांचे आहोत, पण लोक ऐकत नाहीत. लोक म्हणाले, सरपंच म्हणतील तसं. एकाने सुचवलं, पलीकडून न्या की, सातारच्या वाटेने. म्हणून मी परत ओढ्यात गेलो. पलीकडच्या काठावर बायका बसल्या होत्या, मांडीवर काठ्या घेऊन. त्यातली एक मला म्हणाली, "बायांनू, मास्तर आलाय बगा शिवंचा न्याय करायला." बाकीच्या हसल्या. मी मास्तर आहे हे तिने कशावरून ओळखलं, कळलं नाही. साताऱ्याच्या कार्यवाहांना मी विचारलं. ते म्हणाले, आमच्याही गावाला विश्वासात घ्यावं लागेल, आणि पोलीस पाटील तालुक्याला गेलेत.

मी परत आलो. जीप उन्हात उभी होती. शेवटची बाटली संपली होती आणि रिकामी बाटली तशीच वर टांगलेली होती. बाई पदराने नवऱ्याला वारा घालत होती. तिने मला विचारलं, "काय म्हणत्यात?" मी म्हटलं, बोलणं चाललंय. ती म्हणाली, "लांबनं न्हेला तर? बांधावरनं? गावात न शिरता?"

मी पारावर जाऊन तिचं म्हणणं सांगितलं. कुणालाच ते आधी सुचलं नव्हतं. त्यावर चर्चा झाली. बांध कुणाच्या शेताचा, जीपने तो फुटेल का, फुटला तर भरून कोण देणार. शेवटी सरपंच म्हणाले, फुटला तर मी बघतो, काय व्हायचं ते होऊ द्या. म्हाताऱ्याने मान डोलावली. लोक उठले. गाव विश्वासात आलं.

तोवर ऊन तिरपं झालं होतं. आम्ही जीपपाशी गेलो तेव्हा बाईने वारा घालणं थांबवलं होतं आणि ती नवऱ्याची सुई काढत होती. तिला कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे थोडं रक्त आलं. फार नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मनगटाला हात लावला आणि तो तिथंच राहू दिला.

बाई रडली नाही. तिने एवढंच विचारलं, आता त्याला कुठं नेऊ. डॉक्टरीणबाईंना वाटलं ती घराचं विचारते आहे. ती मातीचं विचारत होती. या काठाला म्हातारा उभा होता, त्या काठाला बायका. त्याला ओढ्यातच पुरलं, वाळूत, झिऱ्याच्या वरच्या अंगाला, कारण तेवढीच जागा कुणाची नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अहो, पाण्याच्या वरच्या बाजूला नको. दगड फोडणाऱ्यांतला एकजण त्यांच्याकडे बघून म्हणाला, "मग कुटं, आक्का?" त्या जीपकडे वळल्या.

पावडरची गोणी आमच्या जीपमध्ये होती. ती डॉक्टरीणबाईंनी कुणालाही न विचारता फोडली आणि झिऱ्यात ओंजळीने टाकली. प्रमाण बघून टाकली नाही. पाणी पांढरं झालं, आणि त्या रात्री त्या लोकांना प्यायला तेही राहिलं नाही. चारच दिवसांत त्यांनी पालं उचलली. मुकादमाने दुसऱ्या खाणीवर नेलं म्हणतात; कोणत्या जिल्ह्यात, ते ठाऊक नाही. ती बाई पुढे कुठं गेली तेही मला सांगता येणार नाही.

पुढची बैठक साताऱ्याला होती. डॉक्टरीणबाई आल्या, त्यानंतर त्या कधी आल्या नाहीत. त्यांनी मृताला श्रद्धांजलीचा ठराव मांडला. अध्यक्ष उठून उभे राहिले, आम्ही सगळे उभे राहिलो. अध्यक्षांनी नाव विचारलं. नाव कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी त्या दिवशी विचारलं होतं, पण बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून तिने 'मालक' एवढंच सांगितलं होतं. संस्थेच्या घटनेप्रमाणे नावाशिवाय ठराव लिहिता येत नव्हता. आम्ही थोडा वेळ तसेच उभे राहिलो आणि मग बसलो. पुढचा विषय सभागृहातल्या दोन पंख्यांच्या दुरुस्तीचा होता. तो एकमताने मंजूर झाला.